बेदरची निळी भिंत

दरवर्षी आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघते आणि आमच्या सणसरला मुक्कामाला येते. रात्री कीर्तन असतं. त्यात दामाजीपंतांची गोष्ट आली की पोरं पुढे सरकून बसतात. दामाजीपंत मंगळवेढ्याचे अधिकारी. दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी सरकारी कोठारं लोकांसाठी उघडली. बातमी बेदरच्या बादशहाला कळली. त्यांना पकडून न्यायला शिपाई आले. पण ते बेदरला पोचायच्या आतच विठ्ठलानं विठूचं रूप घेऊन धान्याची सगळी रक्कम बादशहापुढे ओतली. ही गोष्ट आमच्याकडे लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. मात्र हे बेदर नेमकं कुठं, असं वर्गात विचारलं की शांतता पसरते. बेदर म्हणजे आजचं बिदर, कर्नाटकातला आपल्या सीमेलगतचा जिल्हा. पंधराव्या शतकात ती बहमनी राज्याची राजधानी होती आणि आपला इंदापूर परगणा त्याच राज्यात मोडत होता.

गेल्या हिवाळ्यात नववी-दहावीची सहल आम्ही तिकडे नेली. सहलीला निमित्त झालं ते माझ्या टेबलाच्या खणातला एक तुकडा. मी विज्ञान शिकवतो. मोरचुदाचा निळा रंग शिकवताना मी तो तुकडा मुलांच्या हातात द्यायचो. बोटाच्या पेराएवढा, एका बाजूला मातकट आणि दुसऱ्या बाजूला काचेसारखा चकचकीत, मोरपिशी. 'बघा, तांब्याचा रंग. पाचशे वर्षांत फिका झालेला नाही,' असं मी मोठ्या अभिमानानं सांगत असे. कॉलेजात असताना बिदरला गेलो होतो. तिथल्या मदरशाच्या भिंतीच्या पायथ्याशी पडलेला हा तुकडा उचलून मी खिशात टाकला होता. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, 'सर, सगळे असेच एकेक घेऊन गेले तर तिथं काय उरेल?' वर्ग हसला. मीही हसलो. पण रात्री तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

काळ्या मातीतून तांबड्या मातीत

आम्ही रात्रीच निघालो. इंदापूर, सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद असा रस्ता. उजाडलं तेव्हा खिडकीबाहेरची जमीन बदललेली होती. सणसरची मुलं काळ्या मातीत वाढलेली. तांबडी जमीन पाहून एकानं विचारलं, 'आपण कोकणात आलो का?' प्रश्न चुकीचा नव्हता. बिदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेलं आहे. बेसाल्ट खडक उष्ण आणि दमट हवेत दीर्घकाळ कुजत गेला की त्यातली सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्यं पाण्याबरोबर निघून जातात. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. तोच जांभा. तो सच्छिद्र असतो. पाणी त्यातून झिरपतं आणि खालच्या घट्ट बेसाल्टवर येऊन थांबतं. या गुणाचा फायदा घेऊन बहमनी काळात बिदरजवळ नौबादला इराणी पद्धतीचा करेझ खोदला गेला. करेझ म्हणजे जमिनीखालून हलक्या उतारानं पाणी आणणारा बोगदा. त्यावर ठरावीक अंतरावर विहिरींसारखी तोंडं असतात. नीरेच्या डाव्या कालव्यावर जगणाऱ्या आमच्या मुलांना जमिनीखालचा हा कालवा फारच आवडला.

जांभ्याचा दुसरा गुण बांधकामाच्या दृष्टीनं महत्त्वाचा. तो खडबडीत आणि भोकं भोकं असलेला, त्यामुळे त्यावर बारीक नक्षी कोरता येत नाही. अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर) दमडी मशीद १५६७ च्या सुमाराची. तिची सगळी शोभा दगडातल्या कोरीव कामात आहे. बिदरला जिथं शोभा हवी तिथं ती भिंतीवर चढवावी लागली, गिलाव्यानं किंवा रंगीत फरश्यांनी.

अर्धी उरलेली इमारत

महमूद गवानचा मदरसा गावाच्या मध्यात, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. मदरसा म्हणजे उच्च शिक्षणाची संस्था. इमारत सुमारे २०५ फूट लांब आणि १८० फूट रुंद. मधे चौक, भोवती तीन मजले. पूर्वेला दर्शनी बाजू. तिच्या दोन्ही टोकांना एकेक मिनार होता. दरवाजाच्या एका अंगाला मशीद आणि दुसऱ्या अंगाला ग्रंथालय अशी रचना होती. उरलेल्या तीन बाजूंच्या मध्यभागी उंच व्याख्यानगृहं आहेत. त्यांचा अर्ध-अष्टकोनी भाग भिंतीच्या बाहेर येतो आणि त्यावर घुमट आहे. विद्यार्थ्यांना राहायला खोल्या, शिक्षकांना वेगळी दालनं. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं असल्याचं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. छापखाना भारतात यायच्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षं आधीची ही गोष्ट. तीन हजार ग्रंथ म्हणजे तीन हजार वेळा कुणीतरी हातानं लिहून काढलेलं.

हा नकाशा भारतातला नाही. इराणमध्ये खारगिर्द इथं १४४० च्या दशकात बांधलेला मदरसा किंवा समरकंदचा उलुग बेगचा मदरसा (१४२०) यांच्याशी त्याचं जवळचं नातं आहे. उलुग बेग हा राजा स्वतः खगोलशास्त्रज्ञ होता. त्याच्या वेधशाळेतून तयार झालेली ताऱ्यांची सारणी पुढं युरोपातही वाखाणली गेली. विद्येची ती हवा समुद्रमार्गे दाभोळच्या बंदरात उतरली आणि घाट चढून बिदरला आली.

आज यातलं अर्धंच उभं आहे. औरंगजेबाच्या काळात इमारतीचा वापर घोडदळाच्या निवासासाठी आणि दारू साठवण्यासाठी होत होता. १६९६ साली त्या दारूचा स्फोट झाला. दरवाजा, दर्शनी बाजूचा दक्षिणेकडचा भाग आणि तिथला मिनार कोसळला. ईशान्येचा मिनार उरला. त्याची उंची सुमारे १३१ फूट, म्हणजे चाळीस मीटर. त्याच्या अंगावर नागमोडी पट्ट्यांत निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या फरश्या जागोजाग शिल्लक आहेत. भिंतीवर माथ्याजवळ गडद निळ्या पट्ट्यात पांढरी अरबी अक्षरं दिसतात. मुलं बराच वेळ मान वर करून बघत राहिली. 'रंग नवा दिला आहे का?' असं चौघांनी तरी विचारलं.

रंग का टिकला?

भिंतीला लावलेला रंग म्हणजे डिंकात किंवा तेलात कालवलेली पूड. डिंक झिजला की रंग उडतो. इथं रंग काचेच्या आत आहे. गारेची पूड (सिलिका) आणि वनस्पतींच्या राखेतून मिळणारे सोडा-पोटॅशचे क्षार एकत्र वितळवले की काच होते. त्यात धातूचं ऑक्साइड चिमूटभर घातलं की तिला रंग चढतो. तांब्यानं मोरपिशी, कोबाल्टनं गडद निळा, मँगनीजनं जांभळा किंवा काळसर. कथिलाचं ऑक्साइड काचेत विरघळत नाही. त्याचे सूक्ष्म कण प्रकाश सर्व दिशांना विखुरतात आणि काच दुधासारखी पांढरी दिसते. गंमत म्हणजे तेच तांबं शिशाच्या काचेत घातलं तर रंग हिरवा येतो. तांब्याच्या अणूभोवती कोणते शेजारी आहेत यावर तो प्रकाशातला कोणता भाग शोषणार हे ठरतं.

दुसरी अडचण आकुंचनाची. भट्टीतून काढल्यावर काच आणि खालची माती दोन्ही आकसतात. काच जास्त आकसली तर तिला तडे जातात आणि पापुद्रे सुटतात. राखेच्या क्षारांची काच खूप आकसते, साधी माती कमी. इराणी कारागिरांनी यावर उपाय शोधला तो असा, की फरशीचं अंगच मातीऐवजी मुख्यतः गारेच्या पुडीचं करायचं. गारही जास्त आकसणारी, त्यामुळे जोडी जमते. काशान शहरातल्या कुंभारांच्या घराण्यातल्या अबुल कासिम यानं १३०१ साली या धंद्यावर लिहून ठेवलं आहे. त्यात प्रमाण दिलं आहे : दहा भाग गार, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती. कोबाल्टचा दगडही काशानजवळच मिळायचा. या कामाला फारसीत 'काशी' हे नाव पडलं ते याच गावावरून.

नक्षी करायची एक पद्धत आणखी खटपटीची. प्रत्येक रंगाच्या फरश्या वेगळ्या भाजायच्या, कारण प्रत्येक रंगाला मानवणारी आच वेगळी. मग छिन्नीनं त्यांचे पानाच्या, फुलाच्या, अक्षराच्या आकाराचे तुकडे करायचे. ते नक्षीवर पालथे मांडायचे, पाठीवर गच्ची किंवा चुन्याचा लगदा ओतायचा, आणि सगळा तक्ता उचलून भिंतीवर बसवायचा. एक अक्षर म्हणजे दहा-वीस तुकडे. काच टिकते, पण तक्त्यामागचा चुना टिकेलच असं नाही. उन्हानं फरशी तापते, रात्री निवते, फटीत पावसाचं पाणी शिरतं, पाण्यातले क्षार सुकताना स्फटिक होऊन फुगतात आणि मागून फरशीला ढकलतात. एखाद्या दिवशी तुकडा सुटून खाली पडतो. माझ्या खणातला तुकडा असाच पडलेला असणार.

शब्दांत लपलेलं वर्ष

मदरसा कधी बांधला, याचं उत्तर एका कवीनं गणितात बांधून ठेवलं आहे. अरबी लिपीतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक संख्या असते. पहिल्याला १, दुसऱ्याला २, पुढे दहा, शंभर, हजार अशा. आपल्याकडे कटपयादी पद्धतीत अक्षरांना अंक देतात, त्याचंच हे चुलत भावंड. मदरसा पूर्ण झाल्यावर सामी नावाच्या कवीनं तीन शब्दांची एक प्रार्थना त्यासाठी वापरली. तिचा अर्थ, हे परमेश्वरा, आमच्याकडून हे स्वीकार. तीन शब्दांच्या अक्षरांची बेरीज अनुक्रमे २५३, ५३२ आणि ९१ येते. एकूण ८७६. हे हिजरी वर्ष.

त्याचं इसवी सन कसं काढायचं? हिजरी वर्ष चांद्र, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचं. आपल्यासारखा अधिक मास त्यात नाही, म्हणून ते दरवर्षी अकरा दिवसांनी मागे सरकतं. ८७६ ला ०.९७ नं गुणून ६२२ मिळवले की १४७१ आणि थोडं अधिक असं उत्तर येतं. ते वर्ष १४७१ च्या जूनमध्ये सुरू होऊन १४७२ च्या जूनमध्ये संपलं. मुलांनी हे गणित तिथंच ओट्यावर बसून केलं आणि फलकावरच्या सालाशी ताडून पाहिलं.

पैसे कुणी दिले?

जेवताना एकानं विचारलं, 'दामाजीपंतांच्या वेळी लोक उपाशी होते. मग एवढ्या भारी फरश्यांना पैसे कुठून आले?' इतिहासाच्या सरांनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे.

महमूद गवान इराणमधल्या गिलानचा. १४५३ साली चाळिशी ओलांडल्यावर व्यापारासाठी तो दाभोळला उतरला आणि बिदरला येऊन राहिला. राजाच्या मर्जीतून त्याला 'मलिक-उत-तुज्जार', म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख, ही पदवी मिळाली. पुढं तो वजीर झाला. विशाळगड, तेव्हाचा खेळणा, त्यानं दीर्घ मोहीम करून घेतला. १४७२ साली गोवा जिंकलं. मदरसा पूर्ण झाला तो याच सुमाराला. फिरिश्ता लिहितो की गवान स्वतःचा खर्च व्यापाराच्या नफ्यातून भागवायचा, मातीच्या भांड्यात जेवायचा, चटईवर झोपायचा आणि मिळकत दानधर्मात घालवायचा. त्यानं राज्यातल्या जमिनींची मोजणी करवली. चार मोठ्या सुभ्यांचे आठ केले आणि सुभेदारांच्या हातातले बरेच किल्ले काढून घेतले. त्यात दौलताबादच्या सुभ्यातून जुन्नरचा नवा सुभा निघाला. इंदापूर, वाई, माणदेश त्या नव्या सुभ्यात आले. म्हणजे सणसरच्या शिवाराचा हिशेब त्या काळात जुन्नरमार्गे बिदरला जात असला पाहिजे.

दुसरी बाजू सांगणारा साक्षीदार परदेशी आहे. अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी १४६९ च्या सुमारास चौलला उतरला, पालीवरून जुन्नरला आला, पावसाळाभर तिथं अडकला आणि मग बिदरला गेला. गवानचं वैभव त्यानं डोळ्यांनी पाहिलं. सरदार अतिशय श्रीमंत आणि खेड्यातली माणसं अतिशय दरिद्री आहेत, असं त्यानं नोंदवलं आहे. मदरसा बांधून झाल्यावर दोन-तीन वर्षांत दख्खनमध्ये लागोपाठ दोन वर्षं पाऊस पडला नाही, असं फिरिश्ताच सांगतो.

मग खरं काय? आम्ही मुलांना दोन्ही सांगितलं. गवान स्वतः साधा राहत असेल, पण त्याच्या मोहिमांचा, घोडदळाचा आणि दरबाराचा खर्च कुणीतरी शेतात राबून भरत होतंच. त्याच पैशातून तीन हजार ग्रंथांचं घरही उभं राहिलं. दामाजीपंतांची गोष्ट इतिहास म्हणून तपासता येत नाही. पण कोठार कुणासाठी उघडायचं हा प्रश्न लोकांच्या मनात किती खोल होता, हे ती सांगते. ती गोष्ट लोकांनी जपली आणि निळी भिंत राज्यानं उभी केली. दोन्ही एकाच शतकाकडे बोट दाखवतात.

गवानचा शेवट वाईट झाला. त्याचे विरोधक त्याच्या सुधारणांनी दुखावले होते. त्याच्या शिक्क्याचा कागद मिळवून त्यांनी ओरिसाच्या राजाला लिहिलेलं खोटं पत्र तयार केलं. सुलतान मुहम्मद तिसरा यानं चौकशी न करता ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरीच्या गवानचा शिरच्छेद करवला. खरं कळल्यावर सुलतानाला पश्चात्ताप झाला. वर्षभरातच तो वारला आणि थोड्याच काळात राज्याची पाच शकलं झाली. कटाचा सूत्रधार मलिक हसन याच्या मुलानं, मलिक अहमदनं, जुन्नरहून १४९० साली निजामशाही उभी केली. मालोजीराजे भोसले पुढे ज्या निजामशाहीच्या चाकरीत होते आणि ज्यांची गढी इंदापुरात आहे, तीच ही. सरकारी कागदावरचा शिक्का खरा की खोटा हे न तपासल्याचा परिणाम इंदापूरपर्यंत कसा येतो, हे मुलांना तिथं लगेच समजलं.

तुकड्याची जागा

निघण्याआधी मी तिथल्या देखरेखीच्या माणसाकडे गेलो. ही इमारत भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. खिशातून तुकडा काढला आणि कसा नेला होता ते मुलांसमोर सांगितलं. मला वाटलं, ते रागावतील किंवा शाबासकी देतील. त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि एवढंच विचारलं, 'कुठल्या जागेवरून घेतला होता?'

मला आठवेना. पूर्वेच्या भिंतीजवळून की मिनाराच्या पायथ्यापासून? पानाचा होता की अक्षराचा? जागेवर राहिला असता तर कुणीतरी आजूबाजूचे तुकडे जुळवून नक्षी पुरी केली असती, निदान कागदावर तरी. 'आता हा कुठंच बसत नाही,' ते म्हणाले आणि तुकडा ठेवून घेतला. परतीच्या वाटेवर उमरग्याजवळ एका मुलानं न सांगता मागून हात पुढे केला. त्याच्या तळहातावर पांढरा, नखाएवढा तुकडा होता. त्यानं तो कुठून उचलला ती जागा त्याला पक्की आठवत होती. त्याच्याकडूनच भिंतीचं चित्र काढवून घेतलं, जागेवर खूण केली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही टपालानं बिदरला रवाना केलं.

बिदरला जाणं जमलं नाही तर मुंबईत डोंगरीला १८६० साली इराणी व्यापाऱ्यानं बांधलेली मुघल मशीद आहे. तिच्या दर्शनी भागावर निळ्या इराणी फरश्यांचं काम बघायला मिळतं. तिथं रोज नमाज होते, म्हणून आधी परवानगी घ्यावी, जोडे बाहेर काढावेत आणि नमाजाची वेळ टाळावी. मुलांना वही-पेन्सिल घेऊन बसवावं. फरशी मोजावी, नक्षीतली कोणती आकृती पुन्हा पुन्हा येते ते शोधावं, हात लावू नये.

माझ्या खणात आता तुकडा नाही. त्याऐवजी नायक्रोमची तार आणि टाकणखार आहे. तारेच्या टोकाला फासा करून तापवायचा, टाकणखारात बुडवून पुन्हा ज्योतीत धरायचा, म्हणजे काचेचा मणी होतो. त्याला मोरचुदाचा कण लावून ज्योतीच्या बाहेरच्या भागात तापवला की गरम असताना हिरवा आणि निवल्यावर निळा होतो. कोबाल्टचा क्षार मिळाला तर गडद निळा, पोटॅशियम परमँगनेटचा कण लावला तर जांभळा. बेदरच्या भिंतीवरचे रंग असे प्रत्येक मुलाच्या तारेवर तयार होतात. त्या मुलीनं पहिला मणी केला, उजेडात धरून पाहिला आणि विचारलं, 'सर, हा मी घरी नेला तर चालेल ना?'